बाहेर त्रेचाळीस, माजघरात झोप!

हल्ली कुणी भेटलं की माझा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या घराची भिंत किती जाड आहे हो?" लोक दचकतात. नवरा म्हणतो, एकवेळ पगार विचार, पण हे आवर. नाही आवरत! एसटीतून जाताना कुठं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दिसलं की मान वळवून वळवून पाहते. पर्समध्ये मोजपट्टी असते. अकोल्यात आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. एप्रिल-मे म्हणजे दात-ओठ आवळून काढायचे दिवस, एवढीच माझी उन्हाळ्याची समज होती. कूलरच्या ताट्या बदलायच्या, टाकीचं पाणी चटके देतं म्हणून पहाटेच बादल्या भरून ठेवायच्या, आणि रात्री अकराला गादीवर पडलं तर गादीच तापलेली. याला एक तोड आहे आणि ती माझ्या आजोळीच उभी आहे, हे मला या मे महिन्यात कळलं. तेव्हापासून मी ही अशी झाले आहे.

मामाचा कारंज्याचा वाडा पाडायचं घाटत होतं. बिल्डरशी बोलणी सुरू होती, नकाशेही आले होते. पण दादा, म्हणजे मामांचा मुलगा, आणि वहिनी यांनी ऐनवेळी बेत फिरवला, वाडा न पाडता त्याचंच राहतं घर केलं, आणि मला कळवलं, "ये, बघायला. पण मे महिन्यात ये, दिवाळीत नको."

कारंजा लाड म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं जुनं व्यापारी गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा वेशींचं. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, म्हणून गुरुमंदिरात बारा महिने भाविक. काष्ठासंघ, सेनगण, बलात्कारगण अशा जैन परंपरांची जुनी मंदिरं. १६७० मध्ये सुरतेनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात आल्या त्या कारंज्यावर. इथं पैसा होता म्हणूनच ना! आणि इथली ती आख्यायिका: कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा सगळाच्या सगळा माल इथल्या एका सावकारानं विकत घेतला आणि आपल्या चालू बांधकामाच्या गाऱ्यात ओतला. ती कस्तुरीची हवेली! खरंखोटं देव जाणे. पण ज्या गावाची फुशारकीसुद्धा गाऱ्याभोवती रचलेली आहे, त्या गावाला भिंतीतलं काहीतरी कळत असणारच.

मी पोचले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर मऊ झालेलं. दिंडी दरवाजातून वाकून ढेलजेत शिरले, तिथून ओसरी, ओसरीवरून माजघर. आणि थांबलेच. मी खरोखर मान वर करून एसी शोधला! कुठं दिसेना. वहिनी हसून लोटपोट. तिनं दोन साधे तापमापक टांगलेत, एक अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत, एक माजघरात. बाहेर ४३. आत ३३. आणि माजघराच्या फरशीवर चटई टाकून मामा घोरत होते.

आता तुम्ही म्हणाल, तेहतीस म्हणजे काही गारवा नव्हे. मलाही आकडा पाहून नवल वाटलं, कारण अंगाला त्याहून कितीतरी गार वाटत होतं. त्याचं कारण नंतर कळलं आणि मी उडालेच. तापमापक सांगतो तो हवेचा आकडा, पण आपल्या अंगाला जी धग लागते ती नुसत्या हवेची नसते, भोवतालच्या भिंतींची आणि छताचीही असते. आमच्या फ्लॅटमध्ये डोक्यावरचा स्लॅब तापून वरून धग फेकत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो, म्हणून अडतीस अंशांत जीव नकोसा होतो. इथं चारी भिंती आणि छत अंगापेक्षा थंड, त्यामुळे अंगाचीच उष्णता त्यांच्याकडे निघून जाते. भिंत अंगातली धग ओढून घेते! हे मला शाळेत कुणी का सांगितलं नाही?

मग मी भिंत मोजली. दोन फुटांहून जास्त! खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीचं काम. आणि या जाडीचा हिशेब कारंज्यासारख्या पेठेच्या गावाला शोभेल असाच आहे: भिंत दिवसभर ऊन उधार घेते आणि रात्री फेडते. मोठी मुदत, सावकाश फेड. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची ऊब आत उतरायला साधारण सहा-सात तास लागतात. पाच इंची स्लॅबला तीन-चार तासच पुरतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन आमच्याकडे संध्याकाळी छतातून उतरायला लागतं, नेमकं आपण कामावरून घरी येतो तेव्हा. मातीच्या दोन फुटी भिंतीतून तीच ऊब आत यायला बारा तासांच्या आसपास लागतात, आणि पोचेपर्यंत तिचा जोरही गेलेला असतो. तोवर बाहेर मध्यरात्र उलटलेली, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि वऱ्हाडातली कोरडी रात्रीची हवा घरभर खेळून भिंत पुन्हा रिकामी करून टाकते. दिवस आणि रात्र यांच्यात बारा-पंधरा अंशांचा फरक पडणाऱ्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यासाठीच ही युक्ती आहे. कोकणात ती चालायची नाही. तिथं रात्रही दमट आणि उबदारच.

पण खरी मौज धाब्यावर होती. दुरुस्तीत एक खण उकलावा लागला तेव्हाचे फोटो दादानं दाखवले, आणि ढेलजेपाशी उघडी ठेवलेली एक कड तर मी हातानंच चाचपून पाहिली. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर बारीक लाकडांची दाट किलचन, त्यावर पळसाची पानं आणि तुराट्या, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर दाबून बसवलेली पांढरी माती. पळसाचं पान अजून पान म्हणून ओळखू येत होतं! दर वर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर नवी पांढरी टाकायची, चोपून घ्यायची, पन्हाळी साफ करायच्या, हे घरोघरचं ठरलेलं काम. पाऊस पडला की वर गवत उगवायचं. मामा सांगतात, पोरपणी ते उपटायचं काम त्यांच्याकडे असायचं.

हे दर वर्षीचं काम आता कोण करणार? वाडे पडतात ते नेमके इथं. माणसं शहरात गेली, धाबं गळू लागलं, पाणी तुळईच्या टोकात मुरलं, उधई लागली, संपलं. दादा-वहिनीनं यावर जे केलं ते पाहून मी टाळ्याच वाजवल्या. धाब्याच्या मोठ्या भागावर तीन फूट उंचीवर त्यांनी टिनाचं हलकं छप्पर उभं केलं, सळयांच्या बारीक कैच्यांवर, चारी बाजू मोकळ्या. ऊन आणि पाऊस टिन झेलतं. मधल्या तीन फुटांतून वारा वाहतो आणि टिनाची धग उडवून नेतो. खाली धाबं सावलीत आणि कोरडं. धाब्यावर टिन टाकणं आपल्याकडे नवं नाही, पण लोक ते अगदी टेकवून टाकतात किंवा धाबं काढून नुसतं टिनच ठेवतात आणि मग भाजून निघतात. सगळी करामत त्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

आणि आता ऐका! रात्री मोबाइलवर शोधत बसले तर हीच युक्ती मला थेट आफ्रिकेत सापडली. बुर्किना फासो नावाच्या देशात गांडो नावाचं खेडं आहे. फ्रान्सिस केरे तिथलाच मुलगा. जर्मनीत वास्तुकला शिकता शिकता त्यानं गावासाठी मातीच्या विटांची शाळा बांधली, २००१ मध्ये ती पूर्ण झाली. भिंती मातीच्या, छत सच्छिद्र विटांचं, आणि त्याच्या वर उंचावर सळयांच्या कैच्यांवर तरंगणारं टिन! गरम हवा छतातल्या फटींतून वर जाते आणि टिनाखालून निघून जाते. या शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये केरेंना प्रित्झ्कर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मान. मी रात्री बारा वाजता वहिनीला उठवून तो फोटो दाखवला. तिचं उत्तर, "हे तर आपलंच!" तिनं केरेंचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि केरेंनी तरी कारंजा कुठं पाहिलं असणार? ऊन मात्र दोन्हीकडे सारखंच.

दुसऱ्या दिवशी मी गवंडीकाकांना सोडलंच नाही. मागच्या भिंतीचं काम अजून चालू होतं. कधीकाळी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवलेला, तो काका थापीच्या कडेनं खरवडत होते आणि आतून ओलसर, भुसभुशीत माती गळत होती. मी विचारलं, सिमेंट तर मजबूत ना? काका थांबले. "बाई, मातीले श्वास घ्याव लागते. सिमेंट चोपडलं का आतल्या आत सादळते ते, अन् मंग पोपडे सोडते." जमिनीतून चढलेली ओल मातीच्या भिंतीतून बाहेर उडून जात असते, सिमेंटनं तिची वाट बंद होते. म्हणून इथं चुना. कळीचा चुना पाण्यात विझवून कितीतरी दिवस मुरवलेला, वाळूबरोबर मळलेला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. काकांनी करणीवर गोळा घेतला, मनगटाच्या एका झटक्यात भिंतीवर मारला, रंध्यानं पसरला, आणि मग गुळगुळीत दगडानं घोटत बसले. घोटता घोटता त्या पांढऱ्या पृष्ठावर चकाकी यायला लागली. मी बोट लावलं तर साबणासारखं सुळसुळीत! काका म्हणाले, हात धुवा, चुना हाये तो. धुतला, पण नाइलाजानं.

घराचा वापर मात्र त्यांनी पुरता पालटला. ढेलजेत पूर्वी गडीमाणसं आणि बैठक असायची, तिथं आता वहिनीचा दातांचा दवाखाना. पेशंट जुन्या दगडी ओट्यावर बसतात. कोठीची खोली दादाची कचेरी झाली. धान्याच्या बळदाची तोंडं आता फायलींची कपाटं. मागचा गोठा झाला स्वयंपाकघर, कारण तिथून धूर आणि उष्णता परसात निघून जाते. संडास-न्हाणीघरं मात्र जुन्या भिंतींना न चिकटवता परसात वेगळी, पक्क्या विटांची. मातीच्या भिंतीत पाण्याचा एकही नळ जाऊ द्यायचा नाही, हा वहिनीचा दंडक. चौकावर मामांनी पूर्वी प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे टाकले होते, पाऊस नको म्हणून. त्यानं चौकाची भट्टी झाली होती. ते पत्रे आधी काढले. आता चौक पुन्हा आभाळाला उघडा, आणि तापलेली हवा तिथून सरळ वर निघून जाते. माजघराच्या धाब्यातलं जुनं सवणं, म्हणजे उजेडाचा झरोका, बुजवलं होतं, तेही काच बसवून पुन्हा उघडलं. दुपारी माजघरात उजेडाचा एकच कवडसा पडतो, आणि तेवढा पुरतो.

माझ्या डोक्यातली ट्यूब पेटली ती मात्र मामांच्या एका वाक्यानं. दुपारी चारला मी हौसेनं चौकातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पाच मिनिटांत भाजून आत आले. मामा चटईवरूनच म्हणाले, "अवं, घरासंगं माणसाले बी हालाव लागते. एकाच जागी बसून राह्यलीस तं घर तरी काय करन?"

हेच! सगळं मर्म इथं आहे. जुनं घर आपोआप थंड नसतं, त्याला थंड ठेवावं लागतं. सकाळी नऊला वहिनी शाळेच्या घंटेसारख्या शिस्तीनं ओरडते, "दारं लावा!" पश्चिमेच्या खिडक्यांची झडपं बंद, चौकाकडची तेवढी किलकिली. सकाळचा चहा ओसरीवर, दुपार माजघरात, ऊन कललं की चौकात पाणी शिंपडायचं आणि तिथं बसायचं, रात्री धाब्याच्या टिन नसलेल्या तिसऱ्या हिश्शावर अंथरुणं. एक भाग मुद्दाम उघडा ठेवलाय झोपायला! रात्री सगळी दारं उघडी. आम्ही फ्लॅटवाले नेमकं उलटं करतो: सोफ्यापुढं टीव्ही, पलंगापुढं कपाट, प्रत्येक गोष्टीची जागा खिळवलेली, दुपारी हवा यावी म्हणून खिडक्या उघड्या आणि रात्री डास-चोरांच्या भीतीनं बंद. मग एसीवर सगळा भार. वाडा आपल्याकडून दिवसातून चार वेळा उठायची मेहनत मागतो. तेवढी केली की त्याचं काम तो चोख करतो.

भाबडेपणा मात्र नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यात बहुतेकांवर पडली ती अशीच घरं. जाड दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आडवे दगड नव्हते, आणि धाब्यावर वर्षानुवर्षं मातीवर माती चढत गेलेली. तो धसका मराठवाड्यापासून वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना बसला. धाब्याच्या घरावरचा विश्वासच उडाला. म्हणून दादानं आधी इमारतींचा अभियंता गाठला. त्याच्या सांगण्यावरून भिंतींत जागोजागी आरपार बांधदगड घातले, छताखाली सगळीकडून फिरणारा पट्टा बांधला, आणि धाब्यावरचे जादा मातीचे थर उतरवले. पाऊस आता टिन झेलतं, तेव्हा एवढं ओझं कशाला? छप्पर हलकं झालं, भिंती एकमेकींना बांधल्या गेल्या. जुन्याचं नुसतं कौतुक करण्यापेक्षा त्याची दुखणी ओळखणं जास्त मोलाचं, हे मला तिथं उमगलं.

तिथून मी सुटलेच. समृद्धी महामार्गानं वर्धा आता किती जवळ! सेवाग्रामला गेले, १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हाचं आदी निवास पाहिलं, बापू कुटी पाहिली: माती, बांबू, वर कवेलू, आणि भिंतीवर पडणारी वळचणीची खोल सावली. वर्ध्यालाच देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं, आणि कुंभारानं चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कौलांनी सिमेंट-लोखंडाशिवाय कमानदार छप्पर उभं करायची रीत तिथं रुजवली. आपल्या विदर्भात! मग कळलं की वास्तुकार बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले. अहमदाबादेत १९८० मध्ये त्यांनी बांधलेलं आपलं कार्यालय 'संगाथ' अर्धं जमिनीखाली आहे आणि त्याच्या कमानदार छपरांवर पांढऱ्या फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी आहे, ऊन परतवण्यासाठी. त्यांना प्रित्झ्कर २०१८ मध्ये मिळालं. आणि २०२१ चं प्रित्झ्कर मिळालं फ्रान्सच्या लाकातों आणि वासाल या जोडीला, ज्यांचा सगळा भर जुनं न पाडण्यावर. बोर्दो शहरात त्यांनी ५३० जुन्या फ्लॅटांना बाहेरून काचेचे ऐसपैस सज्जे जोडले, तेही रहिवाशांना घराबाहेर न काढता! म्हणजे एका वर्षी न पाडण्याला मान, आणि पुढच्याच वर्षी केरेंच्या मातीला. दादा-वहिनीनं दोन्ही एकाच वाड्यात केलं. शिवाय जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. आधीच उभी असलेली भिंत त्यात काहीच भर घालत नाही.

अडचणी आहेतच. श्रावणात हवा दमट झाली की जाड भिंतीचा फारसा उपयोग नाही, पंखा हवाच. उधईवर वर्षभर नजर ठेवावी लागते. चुन्याचं काम येणारे हात कमी उरलेत. काकांची मुलं पुण्याला टाइल्स बसवतात. आणि सगळ्यांत मोठा शत्रू हिस्सेवाटणी. गल्लीत चार घरं सोडून एका वाड्याच्या चौकातूनच भावाभावांनी भिंत घातलीय. दोन्हीकडं अर्धा अर्धा चौक, वारा कुणाकडंच नाही. शासनाचं घरकुलाचं अनुदान नव्या पक्क्या बांधकामासाठी मिळतं. जुनं धाबं नीट करून घ्यायचं म्हटलं तर त्या पैशाचा उपयोग नाही. घरकुल बांधूनही दुपारच्या झोपेला शेजारच्या जुन्या मातीच्या खोलीत जाणारी माणसं मी याच दौऱ्यात पाहिली. त्यांना कुणी भौतिकशास्त्र शिकवलेलं नाही, पण त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: आजोळी, गावाकडं, कुठंही जुनं घर असेल आणि ते पाडायचा विषय निघाला असेल, तर कागदावर सही करण्याआधी मे महिन्यातल्या एका दुपारी तिथं जा. दोन तापमापक घ्या, एक आत, एक बाहेर. सकाळी दारं लावा, रात्री उघडा. सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून पाहा, चौकावरचं प्लॅस्टिक काढा, अभियंत्याला भिंती दाखवा. मग ठरवा.

आणि ज्यांच्याकडं वाडा नाही, त्यांनीही हात बांधून बसू नये. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पांढऱ्या चुन्यावर पडलेलं बरंचसं ऊन परत जातं. स्लॅबला ते मिळतच नाही. कारंज्याहून परतल्याबरोबर मी सोसायटीची मीटिंग बोलावली. गच्चीला चुना लावायचा, जिथं लोक चालत नाहीत तिथं पालथे माठ मांडून वर फुटक्या टाइल्स बसवायच्या, असा ठराव मांडला. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी तिथल्या तिथं सह्या केल्या. मधल्या मजल्यांनी खर्च किती येतो ते विचारलं. तळमजल्याचं म्हणणं, विचार करून सांगतो. त्यांना मी येत्या मे महिन्यात दुपारी तीनला आमच्याकडं चहाला बोलावलंय, आणि पंखा बंद ठेवणार आहे!